तीन सिलिंडरची गाडी आणि मावशीचा चढ

तीर्थरूप मामा यांस,

साष्टांग नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल, गुडघा तुमचं ऐकत असेल आणि तुम्ही डॉक्टरांचं ऐकत असाल असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत (कोण कुठे ठीक आहे ते पुढे येईलच). फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि येत नाही हे तुम्ही कबूलही करत नाही. मागच्या खेपेला 'गाडीची बॅटरी बदलली' असं मी चार वेळा ओरडून सांगितलं आणि तुम्ही चारही वेळा 'असू दे, असू दे, होईल हळूहळू शहाणा' म्हणालात. कोण शहाणा होणार आहे ते मला अजून कळलेलं नाही.

सुरुवातीलाच एक खुलासा करून टाकतो. या पत्रात 'ही' म्हणजे बायको आणि 'गाडी' म्हणजे गाडी. मागच्या पत्रात मी 'ही हल्ली सकाळी लवकर सुरूच होत नाही, ढकलावं लागतं' असं लिहिलं होतं, त्यावर तुम्ही पोस्टाने शक्तिवर्धक औषधाची बाटली आणि मला दोन पानी कानउघाडणी पाठवलीत. कानउघाडणी मी वाचली. औषध हिने घेतलं, तिला बरं वाटलं. बॅटरी मात्र बदलावीच लागली.

तुम्ही विचारलंत, गाडी कशी आहे. मामा, गाडी आहे तशी आहे, हे मी शपथेवर सांगतो. समोरच्या कप्प्यात तुमच्या हातची चिठ्ठी अजून आहे: 'आत काही बसवायचं नाही, बाहेर काही चिकटवायचं नाही, आहे तशी ठेवायची.' तुमचे डोळे मीच तपासले, आता गाडी चालवू नका असं मीच सांगितलं आणि मग गाडी माझ्याच दारात आली, यात माझा काही डाव होता असं मामी अजून म्हणतात. डाव असता तर मी आधी गाडी चालवायला शिकलो नसतो का? अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकलो. चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं लोकांना अक्षरं वाचायला लावणारा माणूस शिकाऊ परवान्याच्या रांगेत उभा राहिला, तेव्हा रांगेतल्या तिघांनी मला नमस्कार केला. परीक्षा मी तिसऱ्या खेपेला पास झालो, तेव्हा तेच तिघे पेढे वाटल्यासारखे हसत होते.

तर झालं असं. मावशी पडली, खुब्याचं हाड मोडलं, ते सांधलं, पण तेव्हापासून ती टेकडीवरच्या घरातून खाली उतरलेली नाही. आईच्या गुडघ्यांना तो चढ झेपत नाही आणि बस पायथ्यालाच थांबते. म्हणजे दोघी सख्ख्या बहिणी एकाच गावात राहून चौदा महिने भेटल्या नाहीत. रोज सकाळी फोनवर तासभर बोलतात, त्यातला अर्धा तास भांडतात. (उरलेल्या अर्ध्या तासात आदल्या दिवशीच्या भांडणाचा निकाल लागतो.) अशाच एका फोनवर आई म्हणाली की आता मुलाकडे गाडी आहे, मी येते. त्यावर मावशी म्हणाली, 'ती डबी? ती काही माझा चढ चढायची नाही.' आईने फोन खाली ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि ती थेट माझ्या दुकानात आली. मी एका बाईंच्या नाकावर तपासणीची चौकट बसवत होतो. आई दारातूनच म्हणाली, 'रविवारी जायचं.' बाईंना वाटलं त्यांना सांगितलं, त्या हो म्हणाल्या.

भाड्याची गाडी करू, असं मी एकदाच सुचवलं. मुलाची गाडी असताना परक्याच्या गाडीतून बहिणीच्या दारात उतरायचं असेल तर मी आजन्म जाणार नाही, असं आई म्हणाली. आजन्म हा शब्द तिने पंचाहत्तराव्या वर्षी वापरला, म्हणून मी गाडी पुसायला घेतली.

पहिला रविवार सांगतो. मी पुढे, ही शेजारी, आई मागे, मांडीवर पिशवी धरून. पायथ्यापर्यंत गाडी छान आली. चढ सुरू झाला आणि पहिल्या वळणावर गाडीचा जीव अर्धा झाला. पाण्याच्या टाकीच्या वळणावर तर ती आचके द्यायला लागली. मी पाय पूर्ण दाबला. पाय खाली गेला, गाडी जिथल्या तिथे. मग ती थांबली, आणि थांबल्यावर माझ्या परवानगीशिवाय मागे यायला लागली. मागून दुधाची व्हॅन येत होती. व्हॅनवाल्याने हॉर्न दिला, मी घाबरून वायपर लावले. कसाबसा ब्रेक लागला. आई मागून शांतपणे म्हणाली, 'मी उतरू का?' आणि माझं उत्तर यायच्या आत काठी घेऊन उतरलीसुद्धा.

मामा, त्या वळणावरून मावशीची गॅलरी दिसते, तुम्हाला माहीतच आहे. मावशी गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. सकाळपासून बसली असावी. आईने हातरुमाल हलवला. वरून मावशीने टॉवेल हलवला. दोघी बराच वेळ हलवत राहिल्या. दुधाच्या व्हॅनवाल्याने हॉर्न बंद केला. मग आई परत गाडीत बसली, दार लावलं आणि म्हणाली, 'चल. पुढच्या रविवारी बघू.' मी गाडी उलटी खाली आणली. (उलटी मला बरी येते. परीक्षेत दोनदा तीच विचारली होती.)

सोमवारी मी मिस्त्रींकडे गेलो. हे तुमचेच मिस्त्री, बाजारामागचे, एका कानावर पेन्सिल आणि दुसऱ्या कानात कापूस असलेले. मी म्हटलं, गाडीला ताकद हवी आहे, पण काही बसवायचं नाही. ते म्हणाले, मग माझ्याकडे कशाला आलात? मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी तुमचं अक्षर ओळखलं आणि एकदम मवाळ झाले. मग त्यांनी मला समजावलं की मोठ्या गाडीला चार सिलिंडर असतात, तुमच्या गाडीला तीन. मी विचारलं, चौथा कुठे गेला? मुळातच तीन असतात म्हणे, आणि तीन पुरतात. मला मात्र तेव्हापासून गाडीबद्दल जरा वाईटच वाटतं.

त्यांनी एअर फिल्टर उघडला. आत उंदराने घर केलं होतं, तेही तुमच्या अर्धवट सोडवलेल्या शब्दकोड्यांच्या कागदांचं. म्हणजे इतके दिवस गाडी तुमच्या शब्दकोड्यांतून श्वास घेत होती. फिल्टर साफ करणं हे 'काही बसवणं' होतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नाक शिंकरणं म्हणजे नाकात काही बसवणं का? मला पटलं. तीन स्पार्क प्लग काढून घासले, पुन्हा तेच लावले. मग ते स्वतः गाडी घेऊन निघाले, मला शेजारी बसवलं, आणि मामा, गाडी पळाली! पुलाचा चढ तर कळलाही नाही. परत आल्यावर मी बसलो, ते शेजारी. गाडी पुन्हा मरगळली. त्यांनी बॉनेट उघडून मिटलं, मला आणखी एक फेरी मारायला लावली आणि विचारलं, आता कशी वाटते, बरी की मघाशी बरी? मी म्हटलं, आता बरी. ते म्हणाले, बॉनेट उघडून मी काही केलेलंच नाही. तेव्हा मला एकदम उमगलं की 'आता स्पष्ट दिसतंय की मघाशी दिसत होतं' असं मी लोकांना रोज विचारतो, आणि लोक बावीस वर्षं मला वाट्टेल ते सांगत आले आहेत. दोन दिवस माझं दुकानात लक्ष लागलं नाही.

एकच गाडी मिस्त्रींच्या हातात धावते आणि माझ्या हातात रेंगाळते, याचा अर्थ काय, हे मी वरच्या मजल्यावरच्या टॉर्ककाकांना विचारलं. (यांचं खरं नाव पत्राच्या पेटीवरसुद्धा नाही. कुठलाही विषय काढा, ते तीन वाक्यांत टॉर्कवर येतात. जावयाच्या नोकरीबद्दल बोलतानाही आले होते.) काका म्हणाले, लहान इंजिनाला टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, कमी, म्हणून ते वेगात फिरवायला हवं, त्याला ओरडू द्यायचं. मी मिस्त्रींना जाऊन सांगितलं, ओरडू द्यायचं आहे. मिस्त्री म्हणाले, तुमचं इंजिन ओरडत नाही, कण्हतं. कण्हणं आणि ओरडणं यात फरक आहे. मी पुन्हा वर आलो. काका म्हणाले, कण्हतं म्हणजे तुम्ही वरच्या गिअरमध्ये चढता. मी म्हटलं, वर जायचं तर वरचाच गिअर घालणार ना? काकांनी आतल्या काकूंना चहा टाकायला सांगितलं. त्या दुपारी मला कळलं की वर जायला खालचा गिअर लागतो आणि खाली येतानाही खालचाच लागतो. मग वरचा कशाला दिला आहे, हे विचारायचं राहूनच गेलं.

मग हवेचा घोळ. मिस्त्री म्हणाले टायरमध्ये हवा कमी आहे. काकांनी बोटाने दाबून बघितलं आणि म्हणाले, बरोबर आहे. दारावरच्या चिकटपट्टीवर आकडा छापलेला आहे, पण तुम्ही अकरा वर्षं दार कोपराने ढकललंत त्यामुळे नुसता तीन उरला आहे, पुढचं पुसलंय. पेट्रोलपंपावरच्या माणसाला मी म्हटलं, तीसच्या घरातलं काहीतरी भरा. तो म्हणाला, साहेब, सध्या चारही चाकांत वेगवेगळी हवा आहे, एकात तर फक्त अठरा आहे. शेवटी कपाटातून तुमचं गाडीचं पुस्तक शोधलं, त्यात आकडा मिळाला, चारही सारखी केली. गाडी एका बाजूला झुकत होती ती सरळ झाली. मला इतके दिवस वाटत होतं रस्ताच तिरका आहे.

त्यानंतर ओझं. मागची डिकी उघडली तर मामा, आत तुमचा सगळा संसार. दोन जॅक, लोखंडी साखळी, फरशीचे चार तुकडे, रंगाचा वाळलेला डबा, एक नळ. ही न्हाणीघरातला वजनाचा काटा घेऊन आली आणि एकेक वस्तू मोजून वहीत लिहीत गेली. एक जॅक आणि सुटं चाक ठेवून बाकी सगळं बाहेर काढलं. (टाकलं नाही. गच्चीवर आहे. नळ आमच्या मोरीला बसला.) टपावरचं कॅरिअर काढायचं तर 'आहे तशी' या शब्दांचा भंग होतो की नाही यावर घरात मतदान झालं. आईने तुमच्या वतीने मत दिलं आणि ते काढायच्या बाजूने दिलं. ही म्हणाली, आता माणसांचीही वजनं करू. मी काट्यावर उभा राहिलो आणि काटा काय म्हणाला ते या पत्रात लिहायचं कारण नाही. तेव्हापासून मी रात्रीचा भात सोडला आहे. गाडीला त्याचा उपयोग झाल्याचं दिसलं नाही.

एवढं सगळं करून पाचवा रविवार उजाडला. मधल्या तीन रविवारी आम्ही नुसते पहिल्या वळणापर्यंत जाऊन आलो, त्याच्या पुढे माझा धीर होत नव्हता. मावशी दर वेळी गॅलरीत होती, हे दुसऱ्या दिवशीच्या फोनवरून कळायचं. या खेपेला एसी बंद, खिडक्या उघड्या, दुसरा गिअर पायथ्यापासूनच घातलेला. तरी गाडी जड. मागून जळल्याचा वास यायला लागला. मी म्हटलं, बाहेर कुणीतरी कचरा पेटवला आहे. तेवढ्यात आई मागून म्हणाली,

'अरे, तो लाल दिवा कसला?'

'गाडी चालू असल्याचा.'

'तुझ्या मामाच्या वेळी नसायचा तो.'

मी पहिल्या वळणावर गाडी कडेला घेतली. मामा, अकरा वर्षं आई तुमच्या मागच्या सीटवर बसून बाजारात, दवाखान्यात, लग्नाकार्यात गेली आहे. तिला गिअर कळत नाही, टॉर्क कळत नाही, पण तुमच्या पुढ्यात कुठला दिवा लागतो आणि कुठला नाही हे तिला पाठ आहे. आणि चार आठवडे मी तिला सोडून गावातल्या सगळ्यांना विचारत हिंडलो. हिने खाली वाकून बघितलं. हँडब्रेक दोन दाते वर होता. तो मी नेहमी तसाच ठेवतो. पूर्ण खाली केला की गाडी मोकाट सुटेल अशी मला भीती वाटते, थोडा धरलेला असला की बरं वाटतं. मिस्त्री बसले की पूर्ण खाली करायचे, म्हणून त्यांच्या हातात गाडी धावायची. म्हणजे पाच रविवार मी गाडीला एका पायाने पुढे ढकलत होतो आणि एका हाताने मागे ओढत होतो. हँडब्रेक खाली गेला, दिवा विझला. मी आरशात पाहिलं तर आई खिडकीबाहेर बघून हसत होती.

चाकं थंड व्हायला अर्धा तास थांबलो, आणि मग गाडी वर नेण्यात आली. पाण्याच्या टाकीचं वळण आलं आणि गेलं. गाडी ओरडली, कण्हली नाही. दुधाची व्हॅन त्या दिवशीही मागे होती, तिला मागेच ठेवून आम्ही पुढे गेलो. वर पोचलो तेव्हा मावशी वॉकर घेऊन दारात आली होती. चौदा महिन्यांनी भेटणाऱ्या बहिणी काय बोलतील असं मला वाटत होतं. मावशी म्हणाली, 'उशीर केलास.' आई म्हणाली, 'तू बारीक झालीस.' मग दोघी एकमेकींचे हात धरून, कोण कुणाला आधार देतंय ते कळणार नाही अशा, आत गेल्या. गाडीबद्दल मावशीने अवाक्षर काढलं नाही. आम्ही निघताना मात्र तिने गाडीच्या बॉनेटवरून एकदा हात फिरवला, मी पाहत नाही असं बघून.

तर मामा, काही बसवलं नाही, काही चिकटवलं नाही, आणि गाडी चढते. तुम्ही निश्चिंत असा. मामींना नमस्कार सांगा आणि डावाबद्दल पुन्हा एकदा नाही म्हणून सांगा. लोभ आहेच, त्यातला थोडा गाडीलाही राहू द्या.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. हे पत्र हिने वाचलं. 'गाडी वर नेण्यात आली' या वाक्याखाली तिने पेन्सिलने रेघ मारून 'कुणी?' असं लिहिलं आहे. तर खुलासा असा की पहिल्या वळणानंतर गाडी हिने चालवली. हँडब्रेक सुटलेल्या गाडीत मला ब्रेकवरचा पाय उचलवेना. लग्नाआधी ही दोन वर्षं तिच्या वडिलांच्या बेकरीची व्हॅन चालवत होती, घाटातल्या दुकानांपर्यंत माल पोचवायची. लग्नाला तेवीस वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. तिचं म्हणणं, मी कधी विचारलं नाही. परवाना तिने वेळोवेळी नवा करून घेतला आहे, तोही माझ्याच दुकानाच्या शिक्क्याचं दृष्टिप्रमाणपत्र लावून. म्हणजे तिचे डोळे मीच तपासले आणि कशासाठी ते मला कळलं नाही.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण गाडीचं लिहिता लिहिता लांबलं. आई त्या रविवारी परत आली नाही. आम्ही निघालो तेव्हा ती उठलीच नाही. तिने मांडीवर जी पिशवी धरली होती, तिच्यात दोन महिन्यांच्या गोळ्या, उशीचे अभ्रे आणि तिची तांब्याची लोटी होती. म्हणजे पहिल्या रविवारपासून ती भरलेलीच होती. मावशीला रात्री उठताना कुणीतरी लागतं, असं ती म्हणाली. मावशी म्हणाली, तिलाच लागतं. आज सतरा दिवस झाले. फोन सकाळी येत नाही, कारण ज्या दोघी एकमेकींना करायच्या त्या एकाच घरात आहेत. ही म्हणते, घरात कुणी भांडत नाही, चुकल्यासारखं होतं. मी दुकानात निघताना अजून आतल्या खोलीत डोकावून 'येतो गं' म्हणतो आणि मग चप्पल घालतो.

तुम्ही त्या दोघींचे थोरले भाऊ. तुमचं पत्र आलं तर आई ऐकेल. तेव्हा तिला 'आता घरी परत जा' असं लिहा. निदान मी तसंच लिहायला सांगणार होतो. पण परवा वर गेलो तर दोघी गॅलरीत बसून खालच्या वळणावरच्या गाड्यांना नावं ठेवत होत्या आणि आई मला या वर्षात कधी नव्हती इतकी बरी दिसली. म्हणून दुसरं एक, 'हवं तितकं राहा' असंही लिहा. दोन्ही वेगळ्या पाकिटांत घालून माझ्याकडेच पाठवा. कोणतं तिच्या हातात द्यायचं ते मला कळत नाही, आणि हिला विचारलं तर ती म्हणते, मामांना विचारा.